मेंदूने दिलेली सवड

माणसाच्या शरीरात मेंदू हे एकमेव खाते असे आहे, जे आपत्ती आल्यावर आधी बैठक बोलावत नाही. एखादी नस तुंबून रक्त अडले, की त्या भागातली जन्मजात रसायने कोणाच्याही सहीची वाट न पाहता कामाला लागतात. काही पेशींना दटावतात, की गप्प पडून राहा, कमी खा, वळवळ करू नका. काही शेजारच्या नसा रुंद करून आडवाटेने थोडे रक्त आणतात. काही सूज आवरतात. ना भत्ता, ना बढती. अशा कारभाराने सरकार चालत नाही, हे उघड आहे.

ही माहिती इजिप्तमधल्या मन्सूरा शहरातल्या उस्ताद बयूमींना (तिकडे कारकुनालाही उस्ताद म्हणतात) तोंडपाठ होती. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते कॉफीखान्यात रोज कोणाला तरी ज्ञान देत, आणि नुकतेच त्यांनी थोरले भाऊ हाज्ज मुतवल्ली यांना हेच दिले होते. त्या आठवड्यात उस्तादांनी आईविना वाढवलेल्या एकुलत्या मुलीचा, रबाबचा, निकाह होता. त्यात बापाने सर्वांसमक्ष "मी माझी मुलगी तुला दिली" असे म्हणायचे असते. उस्ताद ते आरशापुढे घोटत होते (खात्यात सगळी भाषणे साहेबांनीच केल्यामुळे सवय नव्हती). एका सकाळी घोटता घोटता वाक्य वाकडे झाले, मागोमाग तोंड वाकडे झाले, उजवा हात लोंबू लागला आणि पायही लुळा पडला. ऐकू मात्र सगळे येत होते.

मेंदूने तत्काळ पेशींना गप्प केले. घरात नेमके उलटे झाले. शेजारीपाजारी जमले. नाकाला कांदा लावण्यात आला, कपाळाला कोलन-वॉटर, आणि दृष्ट लागली असणार म्हणून ऊदही फिरवण्यात आला. तळमजल्यावरच्या औषधवाल्याने रक्तदाब मोजून "बरा नाही" असे निदान केले. त्यालाही चहा देण्यात आला.

"काका, रुग्णवाहिका बोलवू का?" रबाबने विचारले.

"अगं, घाई कसली?" मुतवल्ली म्हणाले. "तुझे बाबाच परवा सांगत होते, मेंदू स्वतःचं औषध स्वतः बनवतो. बनवू दे की त्याला."

उस्तादांना ओरडून सांगायचे होते, की दादा, ती रसायने फक्त दार लावून धरतात; आग विझवायला माणसे बाहेरूनच यावी लागतात. तोंडातून फक्त लाळ आली. मुतवल्लींनी ती संमती मानली.

तेवढ्यात नवऱ्यामुलाचे वडील, हाज्ज शिनावी, धापा टाकत आले. "उचला त्यांना. खाली गाडी चालूच ठेवलीय." गाडी जुनी होती आणि त्यांच्याखेरीज कोणाच्या हाताने चालत नसे, पण चालत होती. प्रश्न सुटला होता. मात्र व्याही प्रथमच घरी आले होते आणि कोरड्या तोंडाने परत निघाले होते. घराण्याची अब्रू मुतवल्लींनी सावरली.

"चहा घेतल्याशिवाय तुम्ही हा उंबरा ओलांडलात, तर माझ्या बायकोला तलाक." (हा त्यांच्याकडचा आग्रहाचा सौम्य प्रकार.)

शिनावीही खानदानी होते. "आणि बयूमी दवाखान्यात पोचायच्या आत मी एक घोट जरी घेतला, तर माझ्या बायकोला तलाक."

आता एका पारड्यात दोन संसार होते आणि दुसऱ्यात एक मेंदू. बहुमत संसारांचे होते.

मशिदीतल्या शेखना फोन लावला. ते म्हणाले, "ज्याने शपथ मोडायची त्याने दहा गरिबांना जेवू घालावं, संपलं." पण मोडायची कोणी? शपथ मोडण्याचा मान दोघेही मोठ्या मनाने एकमेकांना देऊ लागले. औषधवाल्याने दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेतल्या.

या काळातील कामगिरी अशी. आतल्या खात्याने पेशी निजवून ठेवल्या, आडवाटेचे रक्त चालू ठेवले, सूज रोखून धरली. बाहेरच्या खात्याने चौदा कप चहा दिला, पैकी तीन पुदिन्याचे. आतला साठा मात्र संपत आला होता. वाक्यातले शब्द एकेक करून निघून जाताना उस्तादांना कळत होते. आधी "दिली" गेले, मग "माझी". रबाब त्यांचा हात धरून बसली होती. तिचे नाव अजून शिल्लक आहे का, हे ते मनातल्या मनात पुन्हापुन्हा तपासत होते आणि त्यांना फार भीती वाटत होती.

शेवटी मुतवल्लींची बायको, हाज्जा इन्शिराह, हातातला ट्रे खाली ठेवून म्हणाली, "तलाक ना? दिलात, मी घेतला. किती वर्षं वाट बघत होते. आता भावाला उचला, पायाकडून तुम्ही धरा."

उस्ताद वाचले. डॉक्टर म्हणाले, "आतल्या रसायनांनी बरीच खिंड लढवली, पण गुठळी विरघळवायच्या औषधाची वेळ निघून गेली होती. इतका उशीर कसा झाला?" यावर मुतवल्लींनी त्यांना चहा विचारला.

हात परत आला, पाय परत आला. शब्द एकच परत आला. पुढे ढकललेल्या निकाहात सगळे थांबून राहिले, रबाब बापाच्या तोंडाकडे पाहू लागली, आणि उस्ताद सगळा जीव एकवटून म्हणाले, "बसा." मग वाक्य मुतवल्लींनीच म्हटले, अगदी खणखणीत. रबाब रडली. लोकांना वाटले, आनंदाने.

इतक्या आजारातही माणसाचे आतिथ्य सुटले नाही, असे पाहुणे अजून कौतुकाने सांगतात. वाचकांनी त्यांना नावे ठेवू नयेत. उस्तादांचे तोंड वाकडे झाले तेव्हापासून आपणही बसूनच होतात. शेख काय निवाडा देतात याची आपल्यालाही उत्सुकता होती, आणि तलाकच्या जागी तर आपण हसलातही. आपला चहा झाला का?