मध्यम शहर: फायदे, तोटे आणि एक निरोप समारंभ

शहराचा आकार लोकसंख्येवरून ठरत नाही. एखादी बातमी या टोकाहून त्या टोकाला जायला किती वेळ घेते, यावरून तो ठरतो. खेड्यात बातमीला प्रवास करावाच लागत नाही, ती सगळीकडे आधीच असते. महानगरात ती निघते आणि वाटेत हरवते. मध्यम शहरात मात्र ती वेळेवर निघते, चार ठिकाणी चहा घेते आणि अंगाने भरून मुक्कामी पोहोचते.

'आपल्या शहरात राहण्याचे फायदे व तोटे' असा अहवाल तयार करण्याचे नगरपालिकेने ठरवले, तेव्हा ते काम माझ्याकडे आले. (मी आवक-जावक विभागात आहे. तरुण मंडळी शहर सोडून जातात, म्हणजे हा जावकचाच विषय, असे वरिष्ठांचे मत पडले.)

फायदे तासाभरात लिहून झाले. शहरातले कोणतेही ठिकाण पंधरा मिनिटांवर आहे. (यात साहेबांचे घर आणि सासुरवाडीही येते.) वाहतूक कोंडी आहे, पण ती सकाळी दहा ते दहा वीस एवढीच असते आणि पाहुण्यांना आम्ही ती दाखवायला नेतो. मोठे डॉक्टर बाहेरून दर दुसऱ्या शनिवारी येतात, त्यामुळे दुखणे शनिवारपर्यंत धरून ठेवण्याची नागरिकांना चांगली सवय लागलेली आहे. प्रत्येक कार्यालयात प्रत्येकाच्या ओळखीचे कोणीतरी असतेच. सगळेच ओळखीने आत जात असल्यामुळे रांग पूर्वीएवढीच राहते, फक्त तिच्यात उभे राहणे कमीपणाचे वाटत नाही.

तोटा मात्र एकही सापडेना. समतोल दिसावा म्हणून किमान तीन हवेत, असे समितीने कळवले. पंधरा दिवस मी शोधत होतो. अखेर एक घरातच सापडला.

माझी मुलगी डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर तपासते. एका सोमवारी जेवताना तिने सांगितले, की मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयाचे पत्र आले आहे, पण तिने अजून काही ठरवलेले नाही, तेव्हा कोणाला बोलू नका. मी म्हणालो, संधी चांगली आहे, सर्व बाजूंनी विचार कर. तिने जाऊ नये असे मला अगदी पोटातून वाटत होते. पण अहवाल लिहिणाऱ्याने तटस्थ राहावे, म्हणून मी ताट उचलून बेसिनकडे गेलो.

मंगळवारी मी ही गोष्ट फक्त एका माणसाला सांगितली, आणि तीही कोणाला न सांगण्याच्या अटीवर. तो माणूस म्हणजे आमचे सलूनवाले काका. पुढची माहिती मी नंतर जागोजागी चौकशी करून जमवली आहे. बातमी सलूनमधून नऊ चाळीसला निघाली. दहा पाचला ती औषधांच्या दुकानात होती. तिथे गुडघ्याच्या गोळ्या घ्यायला आलेल्या माझ्या बहिणीने, म्हणजे मुलीच्या आत्याने, ती दहा वीसपर्यंत पूर्व भागात घरपोच केली. हेच अंतर कापायला शहर बसला सव्वा तास लागतो. (बससेवेने बहिणीचे मार्गदर्शन घ्यावे, अशी शिफारस मी केली आहे.)

वाटेत 'पत्र आलंय' याचे 'जाणार' झाले, 'जाणार'चे 'चालली' झाले, आणि शहराच्या उत्तर टोकाला तर ती केव्हाच गेली असून तिथले पाणी तिला मानवत नाही, अशी नोंद मिळाली.

पुढचे सगळे लोकांनी प्रेमापोटी केले, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. दवाखान्याच्या डॉक्टरांनी, हिची अडचण नको म्हणून, बुधवारीच हिच्या जागी दुसरी मुलगी नेमली. गॅरेजवाल्याने तिच्या स्कूटरला गिऱ्हाईक आणले. आत्याने तिची खोली आपल्या मुलाच्या अभ्यासासाठी मोजून घेतली. शुक्रवारी निरोप समारंभ झाला आणि तिला भिंतीवरचे मोठे घड्याळ देण्यात आले. मी अजून काही ठरवलेले नाही, हे सांगायला ती उभी राहिली. लोकांनी तो विनय समजून टाळ्या वाजवल्या.

आता मध्यम शहराचा एक अलिखित नियम आहे. निरोप घेतलेल्या माणसाने बाजारात दिसू नये. ती पुढचे दहा दिवस दिसत राहिली. "अजून इथेच?" हा प्रश्न तिला शेहेचाळीस वेळा विचारण्यात आला. (मोजणी तिची, पडताळणी माझी.) मी जात नाहीये, असे तिने सांगितले की समोरचा आवाज खाली आणून म्हणे, तिकडून नकार आला वाटतं, मनाला लावून घेऊ नकोस. औषधवाल्याने तिला ताकदीच्या गोळ्यांची बाटली तशीच दिली. शेवटी ती हेल्मेट घालून पायी फिरू लागली. (स्कूटर विकली गेली होती.) तरीही लोक तिला चालीवरून ओळखत.

अकराव्या दिवशी तिने बॅग काढली.

"बाबा, मी जाते. मला जायचं होतं की नव्हतं, तेही आता आठवत नाही."

मी पुन्हा म्हणालो, की संधी चांगली आहे.

"सलूनवाले काका भेटले होते आज," ती कपड्यांच्या घड्या करता करता म्हणाली. "म्हणाले, तुझे बाबा मला सांगताना रडले. खरंय का?"

संपूर्ण शहरात फिरून, दोन आठवडे उशिरा, माझी बातमी माझ्याच घरात आली होती. हो म्हणायला एक अक्षर पुरले असते.

"डोळ्यांत साबण गेला होता," मी म्हणालो.

तिने माझ्या डोळ्यांकडे बघितले. तिचे ते रोजचेच काम आहे.

"साबण होता तर," ती म्हणाली, "मग जातेच."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला बसमध्ये बसवून दिले. (सोडायला एकोणतीस माणसे आली होती, ती सगळी निर्धास्त दिसली.) अहवालात मी एक तोटा लिहिला: ज्याला सांगायचे त्याला सोडून या शहरात सर्वांना सांगता येते. समितीने तो फायद्यांत हलवला.

बाकीचे सगळे खाजगी असल्यामुळे अहवालात घेतलेले नाही. विश्वासाने फक्त तुमच्यापाशी बोललो. आपण असल्या गोष्टी इकडच्या तिकडे करत नाही, असे तुम्हाला वाटत असेल. मलाही मंगळवारी सकाळी साडेनऊपर्यंत तसेच वाटत होते. तेव्हा आज ज्या कोणाला हे सांगाल, त्याला एवढे आठवणीने सांगा, की तो साबण नव्हता.