दोन बाह्यांचं अंतर

तुमचं माहेरचं माणूस तुमच्यापासून किती लांब राहतं? किलोमीटर नका सांगू, त्यातलं मला कळत नाही. माझी ताई माझ्यापासून दोन बाह्यांवर राहते.

म्हणजे असं, की तिच्या शहराला रेल्वेनं सव्वीस तास लागतात. पूर्वी मी दर वर्षी मुलाच्या सुट्टीत महिनाभर जायची आणि तिच्यासाठी स्वेटर न्यायची. पाठ-पोट घरी विणायचं, बाह्या गाडीत. पहिली बाही झोपायच्या आत, दुसरी उठल्यापासून. शेवटचा टाका बंद केला, की खिडकीत ताईच्या शहराचा पूल यायचा. (एकदा पूल आधी आला. पण ती चूक गाडीची.) ताई तो स्वेटर फलाटावरच अंगात घालायची. भर उन्हाळ्यात!

यंदा तीन वर्षांनी जायचं ठरलं आणि मुलानं विमानाचं तिकीट काढलं. "आई, पावणेदोन तासांत पोहोचशील." मी हरखून हो म्हटलं. पाठ-पोट विणून लोकर पिशवीत भरली.

विमानतळावर सोडताना यांनी विचारलं, "बाह्या कुठायत?"

"वाटेत होतील की. नेहमीच होतात."

"अगं, जोरात विमान जातं. तू नाही."

ताई फलाटावर, नाही, आता विमानतळाच्या दारात, हात पसरून उभी असणार. तीस वर्षांत एकदाही तिला अर्धा स्वेटर दिला नव्हता!

विमान उडायच्या आधीच मी विणायला घेतलं. शेजारच्या गृहस्थांना तीनदा कोपर लागलं. मनगटाचा काठ चार बोटं झाला आणि घोषणा झाली, की आपण वीस मिनिटं आधीच पोहोचतोय. सगळे खूश. मी बटण दाबून त्या गोड मुलीला बोलावलं.

"काय हवंय, काकू?"

"पायलटना जरा सावकाश घ्यायला सांगता? बाही राहिलीय."

"सावकाश घेतलं तर विमान पडेल, काकू."

"मग एखादी चक्कर तरी?"

बिचारीनं मला एक लिमलेटची गोळी दिली.

ताई दारातच होती. केस सगळे पांढरे झालेले. मी मान खाली घालून स्वेटर पुढे केला. तिनं तो तिथेच घातला, मग ती चार बोटं सुयांसकट मनगटावर धरून पाहिली.

"एवढीच?"

"एवढंच अंतर होतं गं."

घरी चहा पिताना ताई म्हणाली, "परत कधी?"

"सोमवारी. तिकीट काढलेलंच आहे."

"सव्वीस तासांनी यायचीस तेव्हा महिनाभर राहायचीस. आता दोन तासांत येतेस आणि तीन दिवसांत पळतेस."

"तीन दिवसांत बाह्या करते ना दोन्ही!" मी घाईघाईनं म्हटलं.

"पूर्ण झाल्याशिवाय सोडणार नाही हं."

"कबूल." मी अगदी मनापासून म्हटलं. रात्री झोपण्यापूर्वी आणखी दोन बोटं विणून तिला दाखवलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले, तेव्हा ताईनं ती सहाच्या सहा बोटं उसवून लोकरीचा गुंडा करून ठेवला होता, आणि वर म्हणाली, की तुझे टाके पहिल्यापासूनच सैल.