भूपालअण्णा नॉर्वेत गाडी चालवतात

मार्च महिन्यात आमचे शेजारी भूपालअण्णा मगदूम रस्त्याच्या उजव्या कडेनं चालायला लागले. नुसतं चालणं नव्हे. चौक आला की थांबायचे, मान आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे वळवायचे आणि रस्ता रिकामा असला तरी मोठा वळसा घेऊन पलीकडची उजवी कड गाठायचे. दूधवाल्याच्या सायकलीशी त्यांची तीनदा समोरासमोर गाठ पडली. तिसऱ्यांदा तो वैतागून म्हणाला, "अण्णा, ही तुमची साईड न्हवं."

"ठावं हाय," अण्णा म्हणाले. "पण जूनपस्नं हीच हाय."

जूनमध्ये अण्णा नॉर्वेला जाणार होते, आणि तिकडं वाहनं रस्त्याच्या उजवीकडून चालतात. त्यांची एकुलती एक लेक अक्षता दोन वर्षांपासून तिथं नोकरीला होती. आईवडिलांना बोलावून घ्यायचं, भाड्याची गाडी घ्यायची आणि दहा दिवस डोंगर, समुद्र, खेडी बघत फिरायचं, असा तिचा बेत होता. गाडी अर्थातच ती चालवणार होती. अण्णांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गाडी मी चालवणार."

हे ऐकून गल्लीत कोणी हसलं नाही. कारण कोणाचा विश्वासच बसला नाही.

सांगलीत विश्रामबागेत आम्ही वीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहतो. एवढ्या वर्षांत अण्णांइतका भित्रा माणूस मी पाहिला नाही. आणि हे ते स्वतःही मान्य करतात. त्यांचं पाण्याच्या पंपांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. दुकानाच्या कुलुपाला ते चारदा लोंबकळून बघतात. एकदा मिरजेला लग्नाला निघाले आणि मांडवाच्या दारातून परत आले, कारण गॅस बंद केल्याचं आठवत होतं, पण बंद करताना स्वतःचा हात आठवत नव्हता. महापुरात आमच्या गल्लीत पाणी शिरलं, त्यानंतर दर मे महिन्यात त्यांचा फ्रीज दोन हमालांच्या खांद्यावरून माडीवर जातो आणि दसऱ्याला खाली येतो. मधले चार-पाच महिने त्यांच्या पत्नी विमलवहिनी ताकासाठी जिना चढतात.

अण्णांचं प्रत्येक वाक्य "समजा" या शब्दानं सुरू होतं. समजा लिफ्ट मधेच थांबली. समजा डॉक्टरच आजारी पडला. समजा नारळ डोक्यावर पडला. म्हणून नारळाचं झाडच लावलं नाही. त्यांच्याकडे दहा वर्षांपूर्वीची पांढरी गाडी आहे. ती त्यांनी कधी तिसऱ्या गिअरच्या पुढे नेलेली मला माहीत नाही. चौथा गिअर का टाकत नाही, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "त्यो घाईच्या माणसांसाठी हाय."

आणि हा माणूस नॉर्वेत गाडी चालवणार होता.

मी शाळेत भूगोल शिकवते, म्हणून अण्णा रोज संध्याकाळी नकाशा घेऊन आमच्याकडे यायला लागले. पहिला प्रश्न बोगद्यांचा. नॉर्वेत डोंगरांच्या पोटातून आणि समुद्राच्या खालूनही रस्ते जातात, हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. एक बोगदा वीस किलोमीटरहून लांब आहे, हे मी सांगितलं आणि चूक केली.

"म्हंजे सांगलीत शिरायचं आणि आष्ट्याला भायेर पडायचं?"

"साधारण तसंच."

"समजा, मधीच मला वाटलं की न्हाई जायाचं, परत फिरू. तर?"

"फिरता येत नाही, अण्णा."

 चहा निवला तरी त्यांनी कप उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी सांबर निघालं. तिकडं रस्त्यावर मूस नावाचं, म्हशीहून उंच सांबर अचानक आडवं येतं, तशा पाट्याच लावलेल्या असतात. मेंढ्याही येतात. मेंढ्यांचं मात्र त्यांना काही वाटलं नाही. "जतला लय बघितल्यात. मेंढरं वळखीची हायत." तिसऱ्या दिवशी बोट. गाडीसकट बोटीत चढायचं आणि पलीकडच्या काठाला उतरायचं. समजा हँडब्रेक नीट लागला नाही? चौथ्या दिवशी क्लच. तिकडच्या गाडीला क्लच नसतो, डाव्या पायाला काही कामच नाही. "बाई, समजा माझा डावा पाय आपणहून उठला? त्याला चाळीस वर्षांची सवय हाय." त्यानंतर आठवडाभर ते दुकानात डावा पाय स्टुलाला बांधून बसले. उठताना एकदा स्टुलासकट पडले.

परदेशात चालणारा परवाना काढायला गेले, तेव्हा खिडकीतल्या माणसानं त्यांना वर-खाली बघून विचारलं, "गाडी कोण चालवणार?" अण्णा म्हणाले, "मलाबी त्योच प्रश्न पडलाय. पण परवाना माझ्या नावानं द्या."

विमलवहिनींना यातलं कशाचंच भय नव्हतं. त्यांची अडचण वेगळी होती. मगदूम जैन आहेत आणि वहिनी सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत. जूनमध्ये तिकडं रात्री अकरापर्यंत ऊन असतं आणि फार उत्तरेला गेलं तर सूर्य मावळतच नाही, हे मी सांगितल्यावर अण्णांना घाम फुटला. "आगं, समजा सूर्य मावळलाच न्हाई, तर तुझं जेवण थांबायचं कवा?" वहिनी गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "घड्याळात सात वाजलं की माझा सूर्य मावळला. तुमी तुमच्या क्लचचं बघा."

एप्रिलच्या शेवटी अण्णांनी ठरवलं की घाटात सराव करायचा. नॉर्वे म्हणजे वळणं, तर वाईहून पसरणीचा घाट चढून महाबळेश्वरला जायचं. वाट दाखवायला मी पुढे बसले, वहिनी मागे. पहाटे पाचला निघालो. साताऱ्याला पोचेपर्यंत साडेनऊ झाले. वाटेत आम्हाला उसाच्या दोन ट्रॅक्टरांनी मागे टाकलं. त्यांतल्या एकाच्या ट्रॉल्या भरलेल्या होत्या.

वाईपर्यंत आम्ही दोघी हसत होतो. घाट लागला आणि गाडीत बोलणं थांबलं.

सुट्टीचे दिवस होते. मागे टॅक्स्यांची रांग, वरून उतरणाऱ्या मोठ्या बसगाड्या. अण्णांनी स्टिअरिंग असं धरलं होतं की बोटांची पेरं पांढरी झाली होती. एका आडव्या वळणावर वरून बस आली. ती आपली बाजू सोडून आमच्या अंगावर आली, निदान तेव्हा तरी मला तसं वाटलं. अण्णांनी ब्रेक दाबला, गाडी बंद पडली, त्यांचा पाय ब्रेकवरून सुटला आणि गाडी मागे सरकायला लागली. मागच्या टॅक्सीवाल्यानं हॉर्नवरचा हातच काढला नाही. माझ्या खिडकीतून खाली धोम धरणाचं पाणी दिसत होतं, लहान, निळं, फार खाली. मी ओरडले की नाही, मला आठवत नाही. हँडब्रेक मीच ओढला. गाडी थांबली.

अण्णांचे दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते.  कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, तो पुसायलाही हात सुटत नव्हता.

"बाई," ते हळू म्हणाले, "माझ्यानं न्हाई व्हायाचं."

टॅक्सीवाला उतरून भांडायला आला. त्यानं अण्णांचा चेहरा पाहिला आणि मागची वाहनं थांबवायला लागला. मी पलीकडून जाऊन अण्णांना उतरवलं, स्वतः बसले आणि पुढच्या रुंद जागेपर्यंत गाडी नेली.  अण्णा वहिनींचा हात धरून चालत आले आणि कठड्याच्या आतल्या दगडावर बसले. वहिनींनी पाण्याची बाटली दिली. ती तोंडाला लावताना अर्धं पाणी शर्टावर सांडलं.

थोड्या वेळानं मी म्हणाले, "अण्णा, एवढा हट्ट कशासाठी? अक्षता चालवते ना तिथं? तिलाच चालवू द्या."

"तीच चालवती की. रोज," ते म्हणाले. "म्हणून तर."

मला कळलं नाही. वहिनी दरीकडे बघत होत्या. त्यांना बहुतेक पुढचं ठाऊक असावं.

"ती सकाळी घरनं निघती, आफिसला जाती. अठरा किलोमीटर. हे मला ठावं हाय. पण त्यो रस्ता कसा हाय, ह्ये ठावं न्हाई. कुठं वळतोय, कुठं घसरतंय. तिनं फोन उचलला न्हाई, की मी हितं बसून सगळ्या नॉर्वेत तिला हुडकतो, बाई. सगळ्या बोगद्यांत, सगळ्या समुद्राच्या कडंनं. एवढा मोठा देश. थकून जातो." ते थांबले. "एकदा त्यो अठरा किलोमीटरचा रस्ता माझ्या हातानं चालवला, की मग भ्यायचं तेवढ्यातच भ्यायचं. बाकीचा देश तरी सुटंल."

  महाबळेश्वर तसंच राहिलं. मी गाडी वळवली आणि सांगलीपर्यंत चालवत आणली. वाटेत वहिनींनी मला चौथा गिअर टाकायला सांगितलं.

जूनमध्ये दोघं गेले आणि सुखरूप परत आले. तिथली हकिगत वहिनींकडून कळली. पहिले आठ दिवस अक्षतानं गाडी चालवली. अण्णा शेजारी बसून होते. बोगद्यात श्वास धरायचे आणि पलीकडे उजेड दिसला की सोडायचे. लांबचा बोगदा आला तेव्हा अक्षतालाच त्यांना "अण्णा, श्वास घ्या" म्हणून सांगावं लागलं. बोटीत सगळे प्रवासी वर जाऊन डोंगर बघत होते आणि अण्णा खाली गाडीच्या दाराची कडी धरून उभे होते. सांबर दिसलं नाही. मेंढ्या दिसल्या, त्यांच्याशी ते जतच्या मेंढपाळांसारखं कानडीत बोलले. वहिनी रोज घड्याळात सातला, लख्ख उन्हात, ताट बाजूला सारत होत्या.

नवव्या दिवशी रविवार होता. सकाळी अण्णांनी चहा घेतला, देवाचं नाव घेतलं आणि लेकीला म्हणाले, "तुझ्या आफिसचा रस्ता दाव."

अक्षतानं किल्ली त्यांच्या हातात दिली.  अठरा किलोमीटरला त्यांना पन्नास मिनिटं लागली. हे मात्र त्यांनी स्वतः मला सांगितलं. "बाई, कुणीबी हॉर्न दिला न्हाई. मला वाटलं, मागं कुणी न्हाईच. आरशात बघितलं, तर मागं वरात!" दोन बोगदे होते. पहिल्यात डावा पाय उठला होता, तो त्यांनी हातानं दाबून धरला. ऑफिसच्या आवारात गाडी उभी केल्यावर त्यांनी हँडब्रेक दोनदा ओढून पाहिला. मग लेकीला म्हणाले, "दुसऱ्या बोगद्यातनं भायेर पडताना उतार हाय आणि लगीच वळण हाय. तिथं सावकाश."

"हो अण्णा," अक्षता म्हणाली. आणि मग, वहिनी सांगतात, ती तिथं स्टिअरिंगशेजारी बसून रडली आणि अण्णांना कळेना की आपलं काय चुकलं.

दिवाळीनंतर एक दिवस आमच्या पंपाचं वायसर घ्यायला मी त्यांच्या दुकानात गेले. दुपारचे बारा वाजून गेले होते. गिऱ्हाईक नव्हतं. अण्णा गल्ल्यामागे डोळे मिटून ताठ बसले होते. मला वाटलं, डुलकी लागली असावी. मी हाक मारणार, तेवढ्यात त्यांनी डोळे न उघडता हात वर करून मला थांबवलं.

"आत्ता निघाली हाय," ते म्हणाले. "तिथं सकाळचं साडेसात वाजल्यात, आजून काळोख हाय. दिवं लावल्यात तिनं."

मी स्टुलावर बसले. बाहेर रस्त्यावर रिक्षा, ट्रॅक्टर, शाळेतून सुटलेली पोरं, सगळा गोंगाट चालू होता. अण्णा त्यातलं काहीच ऐकत नव्हते. काही वेळानं त्यांच्या कपाळावर आठी पडली आणि उजव्या पायाचा चवडा फरशीवर अलगद दाबला गेला. दाबलेलाच राहिला. मग हळूहळू सैल झाला. आठीही गेली.

आणखी पाच-सात मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले.

"पोचली."

त्यांचा फोन गल्ल्यावर पालथा पडला होता. वाजला नव्हता.

"मेसेज आला?" मी विचारलं.

"न्हाई. कामाच्या गडबडीत कुठला मेसेज करतीया ती," अण्णा म्हणाले आणि पाठीमागच्या फळीवरचा डबा खाली घेतला. "बोला बाई, वायसर किती इंची पायजे?"