अक्कांच्या पायाला टोचलेले स्टड

उंच इमारत आधी मनात, मग माहितीपत्रकात आणि त्यातून उरलीच तर जमिनीवर उभी राहते. १९९८ साली बेळ्ळंदूरला विश्वासरावांची इमारत याच शिस्तीनं वर चढत होती. त्यांचं मराठी घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातलं. ‘कॉम्पोझिट’ हा शब्द कानावर पडताच त्यांना तो इतका आवडला की त्यांनी तो फलकावर रंगवून घेतला. (अर्थ विचारण्याची वेळ कुणावर आली नाही.)

अर्थ पुण्याहून आलेल्या इंजिनिअर पुरुषोत्तमला ठाऊक होता. खाली पोलादी तुळई, वर काँक्रीटचा स्लॅब आणि दोघांनी मिळून भार उचलावा म्हणून तुळईवर वेल्डिंगनं बसवलेले बोटभर उंचीचे पोलादी खुंट, म्हणजे स्टड. ते नसले तर दोघं एकमेकांवर नुसते पडून राहतात, पुष्कळशा संसारांसारखे.

नवव्या मजल्याचा स्लॅब ओतण्याआधी पूजा ठरली. पूजा ही तांत्रिक गरजच आहे. ती न करता उभ्या राहिलेल्या इमारती जगात असंख्य आहेत, पण त्यांचं काही खरं नाही. जागा पाहायला विश्वासरावांच्या थोरल्या भगिनी सोयराबाई अनवाणी आल्या आणि त्यांच्या अंगठ्याला स्टड लागला.

“अक्काच्या पायाला टोचतंय. काढून टाका हो, इंजिनिअर,” विश्वासराव म्हणाले.

“साहेब, मजल्याची ताकद त्यांच्यावरच आहे.”

“सगळे कुठं म्हणतो मी? खांबाजवळचे स्वल्प काढा, पूजा तिथंच हाय. मागनं परत लावा की.”

खांबाजवळच, तुळईच्या टोकाशी, स्टडची गरज सगळ्यांत जास्त. पण पाहुण्यांना आमंत्रणं गेली होती. पुरुषोत्तम म्हणाला, “सरी.” (म्हणजे ‘बरं’; बेंगळुरात त्याला आलेला हा पहिला कन्नड शब्द.)

पूजा देखणी झाली. भटजींनी नारळ फोडला आणि काँक्रीटही याच मुहूर्तावर पडलं पाहिजे, असं सांगितलं.

“साहेब, स्टड लावायचे राहिलेत. संध्याकाळपर्यंत थांबा,” पुरुषोत्तम अजिजीनं म्हणाला.

“मुहूर्त थांबतो होय?”

काँक्रीट पडलं. पुरुषोत्तमनं प्रसाद घेतला.

पुढं जागा विकायला निघाली. लोकांनी चौकशी बारकाईनं केली: दार पूर्वेला आहे ना, लिफ्टमध्ये आरसा आहे ना, पूजा यथासांग झाली ना. पुरुषोत्तम दर वेळी कोपऱ्यात उभा असायचा. कुणी विचारलं तर खरं सांगून मोकळं व्हायचं, असं त्यानं पक्कं ठरवलं होतं. मजल्याबद्दल कुणी विचारलं नाही.

नवव्या मजल्याची किल्ली घेताना तुम्हीही आरशाचंच विचारलं होतंत. असो, बसा निवांत. फक्त सगळे एकदम उठू नका.