अण्णासाहेबांनी हाती तोलून घेतलेल्या लॅपटॉपाची बखर

श्रीगजानन प्रसन्न असो, आणि त्यास सवड नसेल तर निदान वीज तरी असो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, आषाढमास, ते समयी एका राज्यात, ज्याचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही, लॅपटॉपाची मोहीम जाहली, तिची हकीकत ऐसी जे.

राज्य तीन खोल्यांचे. गादीवर श्रीधरराव, स्वभावे शांत, कोणताही प्रश्न समोर आला असता 'बघू' म्हणोन वर्तमानपत्र पुढे धरीत. कारभार सारा त्यांच्या राणी सुनंदाबाईसाहेब यांजवर, आणि त्या पहाटेपासोन पायांवर उभ्या, आणि बहुत थकल्या होत्या. त्यांची एकुलती कन्या शर्वरी, अंगाने काडी, बुद्धीने तल्लख, ती संख्याशास्त्र शिकावयास टेकडीवरल्या कॉलेजात दाखल जाहली, आणि कॉलेजातून हुकूम सुटला की प्रत्येकाने आपापला लॅपटॉप रोज घेऊन यावा. हे यंत्र मांडीवर ठेवावे म्हणोन निर्मिले, परंतु लोक ते मांडीखेरीज सर्वत्र ठेवितात. आणि कॉलेजास जाणे म्हणजे बस उतरोन टेकडीच्या पायऱ्या चढणे, दुसरी वाट नाही, सबब यंत्र हलके पाहिजे ऐसे राजकन्येच्या मनात चैत्रापासोन ठरले होते, आणि कोणते तेही ठरले होते.

परंतु त्या राज्यात वस्तू निवडण्याचा मान श्रीधररावांचे थोरले बंधू अण्णासाहेब यांचा. अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त, शेजारच्या इमारतीत एकटे राहत, जेवावयास इकडे येत. फ्रीज त्यांनी निवडिला, मिक्सर त्यांनी, इस्त्री त्यांनी. परीक्षा एकच. वस्तू दोन्ही हातांनी उचलावी, डोळे मिटावे, आणि जड लागली तर घ्यावी. जड वस्तूत माल असतो आणि हलकीत हवा, ऐसा त्यांचा सिद्धान्त, आणि मिक्सर अद्याप चालत होता, तेव्हा सिद्धान्तास उत्तर कोण देणार. अलीकडे मात्र अण्णांचे एकेक कारभार गेले होते. विजेचे बिल भरावयास ते ऐटीत रांगेत उभे राहत, ते बिल मोबाइलात गेले, मग रेल्वेचे तिकीट गेले, मग बँकेचे काम गेले, आणि जाताना कोणी त्यांस विचारिलेही नाही. वस्तू निवडण्याचा मान तेवढा उरला होता. हे बाईसाहेब जाणोन होत्या. सबब राजकन्या स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आई, तू सांग ना त्यांना," तेव्हा बाईसाहेब पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "आत्ता नको गं. दुखावतील ते."

"आणि माझे खांदे?"

"तेही दुखतील. पण तुझे तरुण आहेत."

ऐसे बोलोन बाईसाहेबांस आपलेच बोलणे बरे वाटले नाही, परंतु तव्यावरली पोळी करपत होती.

मग बरा दिवस पाहोन स्वारी कोठारीशेठ यांच्या दुकानी गेली, आणि शेठनी लॅपटॉप मांडिले, आणि रॅम, प्रोसेसर, बॅटरी ऐसे मंत्र म्हणो लागले. अण्णांनी सर्व ऐकिले, मनावर काही घेतले नाही, आणि एकेक यंत्र उचलोन डोळे मिटो लागले. राजकन्येच्या मनी होते ते करडे, अंगाने पातळ. ते अण्णांनी दोन बोटांनी उचलिले आणि शेठकडे ऐसे पाहिले की शेठनी उगाच क्षमा मागितली. कोपऱ्यात एक काळे धिप्पाड यंत्र होते, खेळ खेळणारांसाठी केलेले, त्याच्या कळांखाली तांबडे दिवे लागत आणि आत पंखा घरघरत असे. ते उचलिताच अण्णांचा चेहरा उजळला. म्हणाले, "ह्याला म्हणतात वस्तू." राजकन्येने आईकडे पाहिले, आईने फरशीकडे, आणि यंत्र घरी आले. श्रीधररावांस दाखविले, ते 'वा' म्हणाले आणि पान उलटिले.

पुढे कॉलेज सुरू होण्याचे दिवशी अण्णा म्हणाले की लेकीची वाट एकदा नजरेखालून घालतो, आणि सोबत निघाले, आणि बाईसाहेब घोर लागोन मागोमाग निघाल्या. आता घरची लेक ओझे वाहते आणि आपण मोकळे चालतो हे अण्णांच्या रीतीत बसत नव्हते, सबब दप्तर त्यांनी आपल्या खांद्यास लाविले. दप्तरात यंत्र, त्याचा विटेएवढा चार्जर, डबा आणि पाण्याची बाटली. प्रथम अण्णा बोलत चढले, धरणाच्या गोष्टी सांगत होते. मग गोष्टी आखूड जाहल्या, मग थांबल्या. मग मध्यावर कठड्याशी उभे राहोन म्हणाले, "काय देखावा आहे." लग्न होऊन या घरी आल्यापासोन बाईसाहेबांनी या मनुष्यास देखावा पाहताना पाहिले नव्हते, सबब त्या घाबरल्या, आणि त्यांस पायरीवर बसविले, आणि पाणी दिले. अण्णांचा सदरा पाठीस चिकटला होता. शेजारून पोरेपोरी पाठीवर हलकी दप्तरे टाकोन भराभर वर जात होती, आणि अण्णा एकेक दप्तर पाहत होते.

मग म्हणाले, "शर्वे, हे रोज न्यायचंय तुला?"

"रोज. येताना पण."

"मग दुकानात बोलली का नाहीस?"

राजकन्या म्हणाली, "तुम्ही विचारलंच नाहीत, काका."

रागे बोलली नाही, कोणी किती वाजले पुसावे आणि सांगावे ऐसे बोलली. बाईसाहेबांनी डोळे मिटिले. न विचारिले जाणे म्हणजे काय, हे त्या राज्यात अण्णांहून अधिक कोणास ठाऊक होते. दप्तराचा बंद बोटांत फिरवीत बराच वेळ बसले, मग गुडघ्यांवर हात टेकोन उठले आणि म्हणाले, "चला खाली. पहिल्या तासाला कुणी शिकवत नाही."

मग स्वारी पुन्हा दुकानी. शेठ म्हणाले की खोके उघडले, आता परत होत नाही. तेव्हा अण्णांनी त्या दुकानातून आजवर नेलेल्या पंख्यांची, गिझरांची आणि इस्त्र्यांची वंशावळ सांगावयास घेतली, आणि ती संपण्याचे लक्षण दिसेना, तेव्हा शेठ तहास आले. मग अण्णांनी दोन्ही हात पाठीमागे बांधिले, आणि विचारिले, "तुला कोणता हवा?" राजकन्येने करडा दाखविला, आणि सांगितले की याची बॅटरी दिवसभर पुरते, कॉलेजात प्लगसाठी मारामारी असते, आणि आकडेमोडीस एवढी ताकद बास आहे. अण्णांनी मान डोलाविली, परंतु राहवले नाही, म्हणाले, "टिकेल ना गं?"

"चार वर्षं टिकला की झालं, काका. पुढे मी कुठे असेन कोण जाणे."

हे ऐकोन अण्णा आणि बाईसाहेब दोघेही एकदमच रस्त्याकडे पाहो लागले.

मग राजकन्या म्हणाली की दुपारचा तास मिळेल, आणि यंत्र पाठीस लावोन बसकडे धावली, आणि दोन्ही वडील माणसे पायी घराकडे वळली. अण्णा मोकळ्या हातांनी चालत होते, आणि त्या हातांचे काय करावे हे त्यांस सुचत नव्हते, कधी खिशात घालीत, कधी काढीत. बाईसाहेबांचे पाय भरोन आले होते, कोठे थांबण्याची इच्छा नव्हती. तरी भाजीवालीपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, घेवडा घेऊ की दोडका?"

अण्णा पुढे जाहले. एक शेंग मोडोन पाहिली, माल कोठला ते पुसले, दोडक्याकडेही न्यायाने एकवार पाहिले, आणि म्हणाले, "घेवडा घे, सुनंदा. कोवळा आहे." बाईसाहेबांस घेवडा आवडत नसे. ते त्यांस कोणी विचारिले नव्हते.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. लॅपटॉप कन्येने निवडिला, भाजी अण्णांनी निवडिली, आणि घेवड्याच्या शिरा संध्याकाळी बसोन बाईसाहेबांनी काढिल्या.