आर्मां ब्रिसबोआच्या हौदातली पाणीचोरी

"माझ्यासारखी नजर देव शंभर वर्षांत एकदा देतो, आणि तीही एकाच माणसाला. उगाच दोघांत वाटून पातळ करत नाही!" असं म्हणत आर्मां ब्रिसबोआने सकाळी सात वाजता लेकीला, मिरेयला, उठवलं.

बत्तीस वर्षं शाळेची बस चालवलेला माणूस. समोरच्या आरशात एकदा बघून मागच्या बाकावर कोणी कोणाचा मोजा खिडकीबाहेर फेकला, ते सांगायचा. निवृत्तीनंतर आरसा गेला, नजर उरली आणि तिला काम नव्हतं.

ऑक्टोबरातला शनिवार होता. मिरेयच्या लेखी तो शेवटचा साधा शनिवार. पण साध्या दिवसांच्या कपाळावर तसं लिहिलेलं नसतं.

"झालं काय, पापा?"

"चोरी. परसातून."

"काय गेलं?"

"पाणी."

प्रकरण असं होतं. बर्फ पडायच्या आत परसातला पोहण्याचा हौद झाकायचा, तर आधी पाणी थोडं उतरवावं लागतं. नाहीतर ते गोठून फुगतं आणि नळांची तोंडं फोडतं. आर्मांने काल संध्याकाळी पंप लावून पाणी नेमकं वीतभर उतरवलं, पंप बंद केला आणि समाधानाने झोपला. सकाळी बघतो तर पाणी कमरेइतकं खाली! आणखी उतरलं तर आतलं प्लास्टिकचं अस्तर आक्रसून थंडीत टरकन फाटणार.

त्यात मिरेयची अट. गेल्या हिवाळ्याआधी पापा नळांत न गोठणारं औषध घालायचं विसरला, आणि वसंतात तीन नळ चिरलेले निघाले. तेव्हा ठरलं: यंदा हौद नीट झाकला गेला तर पुढच्या वर्षीही तो पापाच झाकेल, नाहीतर कंपनीची माणसं येतील. आर्मांला कंपनीची माणसं म्हणजे जिवंतपणीच दारात आलेले खांदेकरी वाटत.

"लिहून घे. संशयित पहिला, रॅकून. ते केसाळ जनावर रात्री येऊन पितं."

"एवढं पाणी?"

"कुटुंबवत्सल असेल. संशयित दुसरा, ऊन. वाफ करून नेतं."

"रात्री, पापा?"

"तेच तर संशयास्पद आहे!"

तिसरा संशयित कुंपणापलीकडे पालापाचोळा पिशवीत कोंबत होता. शेजारी गाएतां दर हिवाळ्यात नातवंडांसाठी परसात पाणी सोडून बर्फावर घसरायचं मैदान गोठवायचा. आर्मांच्या मते गुन्ह्याचा हेतू याहून स्वच्छ असू शकत नव्हता.

"गाएतां, काल रात्री कुठे होतास?"

"बायकोशेजारी."

"साक्षीदार?"

"घोरत होती. अरे आर्मां, बाहेर अजून स्वेटरसुद्धा लागत नाही. तुझं पाणी मी काय शिव्या देऊन गोठवू?"

"डिसेंबरासाठी साठवलं असशील."

"कशात? खिशात?"

आर्मांने खिसे तपासले. एकात पेपरमिंटची गोळी निघाली. ती त्याने पुरावा म्हणून खाल्ली.

दुपारी पाणी आणखी चार बोटं उतरलं होतं. "म्हणजे चोर आत्ता, आपल्या डोळ्यांदेखत चोरतोय! काय धाडस!" आर्मांने हौदाकाठी खुर्ची टाकली आणि चार हातांवरच्या पाण्याला दुर्बीण लावली.

मिरेयची आई जिनेत सपाता घालून बाहेर आली. "वाटाण्याचं सूप निवतंय. आणि पाऊस नाही, पाणी नाही, तर मागच्या चरात खळखळ कसली?"

"जिनेत, तपासात लुडबुड नको."

जिनेत चरापाशी गेली. तिथून एका निळ्या पाइपच्या कडेकडेने चालत हौदाशी आली, वाकली आणि पाइप पंपासकट ओढून बाहेर काढला. चरातली खळखळ थांबली.

"पंप बंद केलास, राजा. पण पाइप उचललास का?"

एक टोक हौदात, दुसरं खाली उतारावरच्या चरात, मधला पाइप पाण्याने भरलेला. पंप गप्प बसला तरी पाणी आपलं आपण ओढलं जात होतं, सबंध रात्र.

आर्मांने दुर्बीण खाली ठेवली. "माझा निष्कर्ष त्याच दिशेने निघाला होता."

"वाटेत रॅकूनकडे थांबला असेल," जिनेत म्हणाली.

रविवारभर बागेच्या नळाने हौद पुन्हा भरला. अस्तर वाचलं. संध्याकाळी पायरीवर बसून बूट काढता काढता आर्मांने विचारलं, "मग? पुढच्या वर्षी?" आवाजात गुप्तहेर अजिबात नव्हता.

मिरेयचं उत्तर तयार होतं. पण लगेच दिलं तर तो डोक्यावर बसेल, असं वाटून ती म्हणाली, "बघू."

सोमवारी सकाळी तो उठला नाही. झोपेतच गेला, डॉक्टर म्हणाले.

पुढच्या शनिवारी हौद झाकायचा राहिलेलाच होता. थंडी कोणाच्या मयतीसाठी थांबत नाही. मिरेयने कंपनीला फोन केला नाही. गाएतां न बोलावता आला, आणि दोघांनी ताडपत्री दोन बाजूंनी ताणली.

"मला चोर म्हणाला," गाएतां म्हणाला. "एकोणीस वर्षांच्या शेजारात माझ्याकडून एवढी अपेक्षा कोणी ठेवली नव्हती." मग त्याने टोपीने नाक पुसलं आणि आणखी दोर आणायला गेला.

ताडपत्री एका कोपऱ्यात तिरकी बसली होती. मिरेय ती ओढत राहिली, नीट होईना. शेवटी ती तिथेच काठावर उकिडवी बसली.

"पापा, तुझं यंदाही चुकलंच," ती मोठ्याने म्हणाली. "तरी पुढच्या वर्षी तूच झाक."