सुंदरबाईच्या वहीचं कव्हर

रविवारी सकाळी सुंदरबाई ब्राउन पेपरची घडी उलगडत होती आणि तिचा नवरा झुलाल ती पुन्हा मिटत होता.

"प्रेसवालानी बायको, अन् वहीले ब्राउन पेपर?" झुलाल म्हणाला. "लोके काय म्हनतीन?"

"लोके वही देखतीन, कव्हर नही. अन् मनी वहीले हात लावू नका, सांगी ठेवस," असं बजावून सुंदरबाईने वही फळीवर ठेवली आणि शेजारच्या गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, थापायला गेली. बिबड्यांची सावड चुकवून चालत नाही. आज आपण गेलो नाही, तर पुढच्या रविवारी आपल्या घरी कोणी फिरकत नाही.

वही होती साक्षरता वर्गाची. गेल्या वर्षापर्यंत सुंदरबाई अंगठा उठवत होती. वर्ग निघाला, पहिल्याच दिवशी तिने नाव घातलं, तेव्हा झुलाल पोट धरून हसला होता. "आते म्हातारपणी पाटी घेशी का?" असंही म्हणाला होता. ती मात्र वर्षभर रोज दुपारी दोन वाजता वर्गाला जात राहिली, आणि आज चार वाजता धुळ्याच्या टाऊन हॉलमध्ये शिक्षण खात्याच्या साहेबांसमोर ती स्वतः लिहिलेलं एक पान वाचून दाखवणार होती. वर्गातल्या बत्तीस बायकांमधून शिकवणाऱ्या पुष्पाबाईंनी तिलाच निवडलं होतं.

त्या हसण्याचं झुलालला आता वाईट वाटत होतं. पण वाईट वाटलं हे बायकोला सांगायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तो पाचव्या गल्लीतल्या प्रेमचंद शेठच्या प्रेसमध्ये सव्वीस वर्षं खिळे जुळवत होता. शिशाच्या एकेका खिळ्यावर एकेक अक्षर, ते ओळीने लावायचं, की लग्नपत्रिका तयार. अर्ध्या धुळ्याची लग्नं त्याच्या बोटांखालून गेली होती. तेव्हा जे तोंडाने जमत नव्हतं, ते त्याने हाताने करायचं ठरवलं. सुंदरबाईच्या वहीला असं कव्हर करायचं, की साहेबांनी आधी तीच वही उचलावी.

सोनेरी पावडर तर त्याने शनिवारीच शेठकडून मागून आणली होती. ओल्या शाईवर ही पावडर भुरभुरायची आणि ऊब द्यायची, की अक्षर फुगून वर येतं. श्रीमंतांच्या पत्रिका अशाच होत.

"कोणाचं लगन हाय रे?" शेठने विचारलं होतं.

"लगीन नही, शेठ. बायकोसाठी पाहिजे."

शेठने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "सीझनचे दिवस हायेत. पुडीभर देतो. पण ह्या वयात बायकोला पावडर नेणारा तूच पयला."

सुंदरबाईची पाठ वळल्याबरोबर झुलालने सामान मांडलं. निळा जाड पुठ्ठा. तिच्या जुन्या लुगड्याचा जरीचा काठ. रांगोळीचा मोराचा पत्र्याचा छाप. आणि अक्षरं कापायला एक्सरेची फिल्म. ती शेजारच्या जीवरामच्या गुडघ्याची होती. जीवराम परवा म्हणाला होता, "ने भाऊ, गुडघा तं मनाजोडेच शे, फोटो काय करू?"

आता मजकूर. सव्वीस वर्षं लग्नपत्रिका जुळवलेल्या हाताला दुसरी भाषा कुठून येणार? ब्लेड आपोआप चाललं. वर ॥ श्री ॥ निघालं. खाली 'चि. सौ. कां. सुंदरबाई' निघालं. हे नवरीच्या नावामागे लावतात, हे त्याला कापून झाल्यावर आठवलं. पण त्याने ते तसंच ठेवलं. खाली थोडी जागा उरली होती. तिथे पत्रिकेत जे असतं तेच त्याने बारीक अक्षरात कापलं: 'आपला नम्र, झुलाल'. ते पाहून तो जरा थबकला. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि 'आपला' हा शब्द घरात एकदाही उच्चारला गेला नव्हता. पण फिल्म कापली गेली होती, आणि खरं सांगायचं तर त्याला तो शब्द आवडलाही होता.

फिल्म आरपार दिसणारी होती. अक्षरं दोन्ही बाजूंनी दिसत. झुलालने ती एकदा पालथी, एकदा उताणी करून पाहिली आणि जी बाजू डोळ्याला बरी वाटली ती वर ठेवली. फडक्याच्या बोळ्याने शाई लावली. पावडर भुरभुरली, जादाची झटकली. प्रेसमधला हिटर घरी कुठला, म्हणून स्टोव्ह पेटवला, तवा चढवला आणि पुठ्ठा तव्यावर चार बोटं उंच धरला. क्षणभर काही झालं नाही. मग अक्षरं वितळली, फुगली आणि पिवळीधमक होऊन वर आली. मोरही तसेच उठले. झुलालला इतका आनंद झाला, की चटका बसल्याचं त्याला नंतर कळलं. मग जरीचा काठ लावला, कव्हर खळीने वहीला चिकटवलं, वर पाटा ठेवला आणि त्याने चहा करून घेतला.

चहा अर्धा झाला तोच जीवराम लंगडत आला.

"झुलालभाऊ, तो गुडघाना फोटो दे बरं. डाक्टर म्हने, उद्या संगे लई ये."

झुलालने फिल्म पुढे केली. जीवरामने ती खिडकीसमोर धरली. गुडघ्याच्या वाटीतून सुंदरबाईचं नाव आरपार गेलं होतं.

"आते डाक्टरले काय सांगू? मना गुडघामा तुनी बायकोनं नाव कसं उनं?"

"नवा काढू. पैसा मी देस. तू आधी हाई देख," म्हणत झुलालने पाटा उचलला आणि वही त्याच्या हातात दिली.

जीवरामने वही पाहिली. फिरवून पाहिली. "मोर झकास शे. पन हाई काय, उर्दू शे का?"

"तुले वाचता येत नही का? चि. सौ. कां. सुंदरबाई. चांगलं ठळक तं शे."

जीवराम चौथी शिकलेला होता आणि त्याचा त्याला अभिमान होता. त्याने फिल्म पुन्हा उजेडात धरली, मग वही पाहिली, मग पुन्हा फिल्म. "फोटोमा सुलटं दिसस, भाऊ. वहीवर बठ्ठं उलटं शे. बठ्ठं म्हंजे बठ्ठं, वरपासून खालपर्यंत."

झुलालने वही हातात घेतली. त्याच्या डोळ्याला तर ती अजूनही सरळच दिसत होती. मग एकदम उजेड पडला. शिशाचा खिळा उलटा असतो, तेव्हा कागदावर सुलटं उमटतं. सव्वीस वर्षं त्याने उलटंच वाचलं होतं. त्याचे डोळे सुलट्याला उलटं आणि उलट्याला सुलटं म्हणायला शिकले होते, आणि आज त्यांनी इमानेइतबारे तेच केलं होतं.

मग जे सुरू झालं ते न सांगितलेलंच बरं, पण सांगतो. ब्लेडने 'श्री' खरवडायला गेला, तर मोराची मान निघाली. पावडर वितळवून पुसावी म्हणून वही तव्यावर धरली, तर एक कोपरा करपला. कव्हरच काढावं म्हणून ओढलं, तर शिवण करकरली, तेव्हा त्याने हात आखडले. आतलं पान फाटलं असतं तर सगळंच संपलं असतं. शेवटी जीवरामने तोडगा काढला.

"वरतून तो ब्राउन पेपर लाई दे ना."

ब्राउन पेपर झुलालने शाई सांडू नये म्हणून पुठ्ठ्याखाली अंथरला होता. त्याच्यावर आता शाईचे हातभर डाग होते. रविवारी दुकानंही बंद.

सुंदरबाई परतली तेव्हा साडेतीन झाले होते. झुलालने वही कापडी पिशवीत घालून पिशवीचं तोंड बांधून ठेवलं होतं. तो म्हणाला, "कव्हर घातं. आते सोडू नको, हॉलमाच सोड." ती त्याच्याकडे रोखून पाहत राहिली, पण वेळ नव्हता. तिने चांगलं लुगडं नेसलं, पिशवी उचलली आणि निघाली. झुलाल चार पावलं मागून गेला. ज्या बाईला आपण हसलो, तिला आता सगळा गाव हसणार, आणि तेही आपल्यामुळे, या विचाराने त्या चार पावलांची दहा झाली.

टाऊन हॉलमध्ये टेबलावर बत्तीस वह्या मांडल्या होत्या. एकतीस ब्राउन पेपरच्या आणि एक सोनेरी. सुंदरबाईने पिशवी सोडल्या सोडल्या पुष्पाबाईंनी ती वही हातातून घेऊन टेबलावर ठेवली होती, त्यामुळे कव्हर तिनेही धड पाहिलं नव्हतं. साहेब आले, आणि झुलालने ठरवलं होतं तसंच झालं. त्यांनी आधी तीच वही उचलली.

साहेबांनी वही सरळ धरली. मग जरा लांब धरली. मग चष्मा लावला. माईक समोर होता आणि हॉल भरलेला होता. शिक्षण खात्याच्या माणसाला आपल्याला वाचता येत नाही असं म्हणता येईना. थोडा वेळ गेला आणि साहेबांचा चेहरा उजळला.

"ही मोडी का?" ते पुष्पाबाईंना म्हणाले. "वा. जुन्या लिपीची आवड दुर्मिळ झाली हो."

पुष्पाबाईंनी वहीकडे पाहिलं, घाम पुसला आणि हो की नाही ते कळू नये अशी मान हलवली.

"कुणाची ही वही? या बाई, वाचून दाखवा आम्हाला."

सुंदरबाई पुढे आली. तिने कव्हरवर नजर टाकली. झुलाल शेवटच्या रांगेत पंख्याकडे बघत बसला. त्याला वाटलं, आता ही म्हणणार, साहेब, हे मालकांनी उलटं करून ठेवलं. म्हणू दे. खरंच आहे.

"श्री," सुंदरबाईने वाचलं. "चि. सौ. कां. सुंदरबाई."

बायका पदराआड हसल्या, सुंदरबाईही हसली. पण ती एकदाही अडखळली नव्हती. झुलालने पंख्यावरून नजर काढली.

"शाबास. आणि हे खाली बारीक काय लिहिलंय?" साहेबांनी विचारलं.

सुंदरबाई वहीवर वाकली. तिचे ओठ हलले. एकदा वाचून झाल्यावर तिने ते परत वाचलं. मग डोक्यावरचा पदर सारखा केला.

"खाली काही नही, साहेब. प्रेसचं नाव शे."

मग साहेबांनी भाषण केलं. कालपर्यंत अंगठा उठवणारी एक भगिनी आज मोडी वाचते, हे त्यांनी तीन वेळा सांगितलं आणि तिन्ही वेळा टाळ्या झाल्या. सुंदरबाईने आपलं पान वाचलं, तेही न अडखळता. मागून लंगडत आलेल्या जीवरामने तर पाय दुखत असूनही उभं राहून टाळ्या वाजवल्या.

घरी जाताना वळणावर झुलालने विचारलं, "तुले उलटं कसं वाचता उनं?"

"सव्वीस वरीस प्रेसमा डबा कोन आनस?" सुंदरबाई म्हणाली. "तुम्ही जेवेत, अन् मी तुमना खिळा देखत बसू. पह्यली अक्षरं मी तठेच वळखी. पुष्पाबाईनी फळावर 'क' काढा, तवय माले वाटनं, बाईलेच लिहिता येत नही."

झुलालला हसू आलं. आपण जेवत असताना समोर बसलेल्या बायकोकडे त्याने कधी मान वर करून पाहिलं नव्हतं.

"मी चुकनू," तो म्हणाला. "उद्या शेठकडथून पावडर आनस. नवं कव्हर करी देस, सरळ अक्षरनं."

सुंदरबाईने वही पिशवीतून काढली आणि खालच्या बारीक ओळीवरून बोट फिरवलं.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "सरळ करशात तं बठ्ठा लोकेसले वाचता येई."